जुनी आणि स्वाक्षरीची मराठी पुस्तके जमवताना : नाशिककर वाचकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अनेक वर्षे मी नाशिकमध्ये राहून जुनी मराठी पुस्तके जमवतो आहे. व्याख्यानांना, ग्रंथप्रदर्शनांना भेटणारे वाचक आणि घरी जुनी कपाटे आवरायला निघालेली मंडळी या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात किंवा लिहून पाठवतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दोन विषय एकमेकांत मिसळतात तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मला जुनी मराठी पुस्तके जमवायची आहेत. सुरुवात कोठून करावी?

एक मर्यादा आखून घेण्यापासून करावी. ‘जुने दिसेल ते घ्यायचे’ असे ठरवणाऱ्याच्या घरात वर्षभरात जागा संपते आणि त्यातले निम्मे पुस्तक पुन्हा रद्दीत जाते. एखादा लेखक, एखादी प्रकाशनसंस्था, एखादे दशक किंवा एखादा वाङ्मयप्रकार निवडावा. नाशिककराला तर गावच विषय म्हणून पुरेसे आहे. कुसुमाग्रजांचे आणि वसंत कानेटकरांचे वास्तव्य याच शहरात होते. बाबूराव बागूल यांचा जन्म नाशिकजवळच्या विहितगावचा. आणि साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात. एवढ्या चार नावांभोवती वीस-पंचवीस पुस्तकांचा नेटका संग्रह उभा राहतो आणि तो उभा करता करता आवृत्त्या, कागद, बांधणी यांची जाण आपोआप येते. जे पुस्तक वाचलेले नाही त्याची पहिली आवृत्ती घेऊ नये, असा माझा स्वतःपुरता नियम आहे आणि तो मी इतरांनाही सुचवतो.

२. पुस्तक पहिल्या आवृत्तीचे आहे हे कसे ओळखावे?

शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला, म्हणजे जेथे प्रकाशक, मुद्रक, हक्क आणि किंमत यांचा तपशील असतो तेथे, आवृत्तीची नोंद पाहावी. मात्र केवळ ‘पहिली आवृत्ती’ हे शब्द दिसले म्हणून थांबू नये, कारण पुढच्या मुद्रणांतही पहिल्या आवृत्तीचे साल छापले जाते आणि त्याखालची ओळ कित्येकदा नजरेतून सुटते. काही वेळा ती ओळ मुद्दाम खरवडलेलीही असते. पान उजेडासमोर धरल्यास तेथला कागद पातळ झालेला दिसतो.

नोंद नसेल किंवा शंका असेल, तर पुस्तकाच्या अंगावरच्या इतर खुणा साक्ष देतात. सर्वांत उपयोगाची खूण किमतीची. दशमान नाणेपद्धती १ एप्रिल १९५७ रोजी सुरू झाली. त्यामुळे किंमत रुपये-आण्यांत असेल तर पुस्तक बहुधा त्याआधीचे, आणि ‘नये पैसे’ किंवा ‘न. पै.’ असे असेल तर १९५७ ते १९६४ या थोड्या वर्षांतले, कारण १९६४च्या जूनपासून ‘नये’ हा शब्द गळाला. रुपयाचे नवे चिन्ह २०१० सालचे आहे. दुसरी खूण पत्त्याची. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी आला. त्याआधी ‘मुंबई ४’, ‘पुणे २’ असे एक-दोन आकडी क्रमांक छापत. तेव्हा १९६२ची पहिली आवृत्ती म्हणून दाखवलेल्या पुस्तकावर ‘मुंबई ४०० ००४’ असेल, तर ते नंतरचे मुद्रण आहे यात शंका ठेवू नये. तिसरी खूण आयएसबीएनची, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकाची. भारतीय पुस्तकांवर तो १९८०च्या दशकाआधी आढळत नाही, आणि तेरा आकडी क्रमांक तर २००७पासूनचा.

चौथी खूण लेखनपद्धतीची, आणि ती मला सर्वांत जिवाभावाची वाटते. ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरीं’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांना १९६२ साली शासनाची मान्यता मिळाल्यावर हळूहळू छापील पुस्तकांतून गेले. ही खूण एकटीने वापरू नये, कारण काही लेखक आणि मुद्रक नंतरही जुन्या पद्धतीला धरून राहिले, आणि काही जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या मूळ लेखन कायम ठेवून निघाल्या. परंतु ‘१९४० सालची पहिली आवृत्ती’ म्हणून समोर आलेल्या पुस्तकात एकही जुना अनुस्वार नसेल, तर प्रश्न विचारायलाच हवा.

शेवटची परीक्षा बोटांची. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, जुळवून छापलेल्या पानाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवले की अक्षरांचा किंचित उठाव जाणवतो. ऑफसेट छपाईत पान सपाट लागते.

३. पुस्तकावर इसवी सन नाही, ‘शके’ लिहिले आहे. साल कसे काढावे?

शकाच्या आकड्यात ७८ मिळवावेत. शके १८६४ म्हणजे १९४२. शकवर्ष गुढीपाडव्याला सुरू होत असल्याने पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतचा महिना दिला असेल आणि तोवर इंग्रजी वर्ष बदललेले असेल, तर ७९ मिळवावे लागतात. ‘माघ शके १८६४’ हे म्हणून १९४३मध्ये येते. सूचिपत्रांत अशा पुस्तकांची साले एका वर्षाने मागे-पुढे दिसतात त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

४. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत फरक काय?

मजकुरात किंवा मांडणीत बदल झाला की आवृत्ती, आणि तोच मजकूर जसाच्या तसा पुन्हा छापला की पुनर्मुद्रण, असा शास्त्रशुद्ध भेद आहे. मराठी प्रकाशनव्यवहारात तो काटेकोर पाळला गेलेला नाही. पुष्कळदा नवी छपाई झाली की ‘दुसरी आवृत्ती’ लिहिले जाते, मजकुरात काना-मात्रेचा फरक नसला तरी. म्हणून संग्राहकाने शब्दावर विसंबू नये. दोन प्रती शेजारी ठेवून पृष्ठसंख्या, प्रस्तावना आणि अर्पणपत्रिका ताडून पाहाव्यात. लेखकाने नंतर बदललेली प्रस्तावना पहिल्या आवृत्तीतच मूळ रूपात वाचायला मिळते, आणि माझ्या लेखी पहिल्या आवृत्तीचे खरे मोल येथे आहे.

५. प्रकाशक बदलला असेल तर पहिली आवृत्ती कोणती धरावी?

सर्वांत आधी ज्याने छापली ती. कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ हा संग्रह १९४२ साली वि. स. खांडेकरांनी स्वखर्चाने प्रसिद्ध केला. पुढे तो कॉन्टिनेन्टल प्रकाशनाकडून अनेकदा निघाला. एखाद्या नव्या प्रकाशकाने ‘आमची पहिली आवृत्ती’ अशा अर्थाने ‘पहिली आवृत्ती’ छापलेली असू शकते. ती खोटी ठरत नाही. फक्त ती ग्रंथाची पहिली आवृत्ती नव्हे.

६. नाशिकमध्ये अशी पुस्तके कोठे मिळतात?

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकासारखा किंवा मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथांसारखा जुन्या पुस्तकांचा एकवटलेला बाजार आपल्याकडे नाही. येथे पुस्तके घराघरांतून बाहेर पडतात. जुन्या नाशकातले वाडे पाडून इमारती होतात तेव्हा, निवृत्त शिक्षकांचे बिऱ्हाड मुलांकडे परगावी जाते तेव्हा, आणि दिवाळीच्या आधीच्या साफसफाईत. म्हणून आपल्या भागातल्या दोन-तीन रद्दीवाल्यांशी ओळख ठेवावी आणि आपल्याला काय हवे आहे ते त्यांना स्पष्ट सांगावे. मी माझ्या ओळखीच्या एका रद्दीवाल्याला एकच विनंती केली होती: मराठी पुस्तकांच्या गठ्ठ्याचे पुठ्ठे फाडून वेगळे करण्याआधी मला निरोप द्यावा. त्या एका विनंतीमुळे जितकी पुस्तके रद्दीत जाण्यापासून वाचली, तितकी मला कोणत्याही प्रदर्शनात मिळाली नाहीत.

रद्दीवाल्याला किलोचा भाव देऊन दुर्मीळ पुस्तक उचलण्यात मला समाधान वाटत नाही. पुस्तक चांगले असेल तर त्याला चार पैसे जास्त द्यावेत. पुढच्या वेळी तो ते बाजूला ठेवतो.

७. स्वाक्षरी खरी की खोटी हे कसे कळते?

आधी तारखा ताडून पाहाव्यात. अक्षराची चिकित्सा नंतर. लेखकाच्या निधनाचे साल आणि हातातल्या प्रतीचे मुद्रणसाल समोरासमोर ठेवले की पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि त्यांचा ‘वाग्वैजयंती’ हा कवितासंग्रह १९२१ साली, म्हणजे निधनानंतर, प्रसिद्ध झाला. गडकऱ्यांची स्वाक्षरी असलेली ‘वाग्वैजयंती’ म्हणून असूच शकत नाही. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. तेव्हा ज्या प्रतीवर नये पैशांत किंमत आहे, तिच्यावरची त्यांची सही कितीही हुबेहूब असली तरी खोटी, किंवा मूळ सहीचा छापील ठसा.

त्यानंतर शाई पाहावी. बॉलपेन बाजारात आले ते १९४५नंतर, आणि आपल्याकडे रुळायला आणखी वर्षे गेली. ‘१९३८’ अशी तारीख घातलेली बॉलपेनची सही स्वीकारू नये. दौतीच्या किंवा फाउंटनपेनच्या शाईची रेघ कोठे दाट, कोठे फिकी असते, आणि जुन्या कागदात ती मुरलेली असते. याउलट, आधीच जुना आणि सच्छिद्र झालेल्या कागदावर अलीकडे लिहिलेली शाई कडांना फुटते. भिंगाखाली हा फरक नवख्यालाही दिसतो. छापलेली सही भिंगाखाली बारीक ठिपक्यांची किंवा एकसारख्या काळेपणाची दिसते आणि कागदावर लेखणीचा दाब नसतो.

अक्षर ताडण्यासाठी त्याच लेखकाचे त्याच काळातले हस्ताक्षर लागते. चाळिशीतल्या आणि ऐंशीच्या घरातल्या सहीत हात थरथरण्यापासून अक्षरे जोडण्यापर्यंत पुष्कळ बदल होतो, त्यामुळे एकच नमुना हाताशी धरून निवाडा करणे अन्यायाचे ठरते. स्मृतिग्रंथांत आणि पत्रसंग्रहांत हस्ताक्षरांची छायाचित्रे छापलेली असतात. ती जमवून ठेवावीत. संशय उरला तर प्रत स्वाक्षरीविना जी किंमत देण्याजोगी आहे तेवढीच द्यावी. एकदा मी एका प्रतीवरच्या सहीसाठी बरेच जास्त पैसे मोजले आणि घरी येऊन पाहतो तर आतल्या पानावर तिसऱ्या मुद्रणाचे साल लेखकाच्या मृत्यूनंतरचे होते. पुस्तक हातात घेऊन मी सहीकडेच पाहत राहिलो होतो. पान उलटले नव्हते.

८. कुसुमाग्रजांच्या पुस्तकावर ‘वि. वा. शिरवाडकर’ अशी सही आहे. ती संशयास्पद मानावी का?

तेवढ्यावरून मुळीच मानू नये. कविता ‘कुसुमाग्रज’ या नावाने आणि नाटके, कथा, कादंबऱ्या ‘वि. वा. शिरवाडकर’ या नावाने अशी त्यांच्या लेखनाची विभागणी होती, पण सही करताना माणूस समोरच्या व्यक्तीशी असलेल्या नात्याप्रमाणेही नाव लिहितो. ‘नटसम्राट’वर कवीचे नाव आणि कवितासंग्रहावर नाटककाराचे नाव येणे अशक्य नाही. आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर यांसारख्या इतर दुहेरी नावांबाबतही हेच लागू आहे. बाकीची तपासणी प्रश्न ७प्रमाणे करावी.

९. ‘चि. अमुक यास सप्रेम भेट’ असे दुसऱ्याच कोणाचे तरी नाव लिहिलेले असेल तर पुस्तकाचे मोल कमी होते का?

हा प्रश्न सर्वाधिक येतो, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुधा ते नाव खोडून टाकायचे असते. कृपया खोडू नका. दोन ओळींचा तो मजकूर, खालची तारीख आणि गावाचे नाव ही त्या प्रतीची जन्मपत्रिका असते. नुसती सही नक्कल करणे सोपे. तारीख, गाव आणि नाते यांसह लिहिलेला मजकूर बनावट करणे अवघड, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट पडताळता येते. समजा, एखाद्या प्रतीवर आचार्य अत्रे यांची सही आणि खाली ‘नाशिक, साहित्य संमेलन, १९४२’ असे आहे. नाशिकला त्या वर्षी संमेलन झाले आणि अत्रे त्याचे अध्यक्ष होते, हे नोंदलेले आहे. तारीख आणि प्रसंग जुळतात. ज्याला भेट दिली तो स्वतः लेखक, नट, संपादक किंवा शिक्षक म्हणून ओळखीचा असेल, तर अशी प्रत नुसत्या सहीच्या प्रतीपेक्षा अधिक मोलाची ठरते.

लेखकाची नव्हे, तर सामान्य वाचकाची नोंद असेल तरीही ती राहू द्यावी. ‘मॅट्रिक पास झाल्याबद्दल मामांकडून’ असे लिहिलेले कानेटकरांचे एक नाटक माझ्याकडे आहे. ते विकायचे नाही म्हणून मी त्याच्या किमतीचा विचार केलेला नाही.

१०. हयात लेखकाची सही कशी घ्यावी?

कार्यक्रम संपल्यावर, पुस्तकाचे शीर्षकपान उघडून, आपले पेन पुढे करून. आपल्या शहरात मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणावर होणारी वसंत व्याख्यानमाला, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी साजरा होणारा मराठी भाषा गौरव दिन आणि प्रकाशनसमारंभ अशी निमित्ते मिळत राहतात. एका लेखकापुढे एका वेळी दोनपेक्षा अधिक पुस्तके ठेवू नयेत. तारीख आणि गाव लिहिण्याची विनंती अवश्य करावी. त्याचे कारण प्रश्न ९मध्ये आले आहे. पेनची शाई पक्की, न पुसली जाणारी असावी आणि पुढचे पान लगेच मिटू नये. जाड मार्कर टाळावा, कारण त्याची शाई मागच्या पानावर उतरते.

११. रद्दीतून घेतलेल्या पुस्तकावर ग्रंथालयाचा शिक्का निघाला. ते ठेवावे का?

शिक्क्याबरोबर ‘निर्लेखित’ किंवा ‘बाद’ असा दुसरा शिक्का आहे का, ते पाहावे. ग्रंथालये फाटलेली, जादा प्रती असलेली पुस्तके नियमानुसार निर्लेखित करतात आणि अशी पुस्तके विकत घेणे पूर्णपणे रीतसर आहे. तो शिक्का नसेल, तर पुस्तक कोणीतरी परत न केलेले असण्याची शक्यता धरावी आणि आतला दाखल क्रमांक घेऊन त्या ग्रंथालयाकडे चौकशी करावी. मी असे तीनदा केले. दोनदा ‘आमच्या नोंदीतून ते कमी झाले आहे, तुम्हीच ठेवा’ असे उत्तर मिळाले. एकदा पुस्तक परत दिले, आणि ग्रंथपाल बाईंनी कित्येक वर्षांपूर्वीच्या देवघेवीच्या नोंदीसमोर माझ्यादेखत ‘जमा’ असे लिहिले. आपल्या सार्वजनिक वाचनालयासारखी १८४०पासून चालत आलेली संस्था ज्या गावात आहे, त्या गावातल्या संग्राहकाने याबाबत हयगय करू नये.

ग्रंथालयीन प्रतींचा दुसरा प्रश्न बांधणीचा आहे. तो पुढच्या उत्तरात पाहावा.

१२. खिळखिळे झालेले पुस्तक बाइंडरकडे देऊन पक्के बांधून घ्यावे का?

वाचायच्या प्रतीपुरते घ्यावे. संग्रहातल्या प्रतीचे बांधकाम बदलू नये. नेहमीचा बाइंडर चांगल्या हेतूने तीन गोष्टी करतो: मूळ मुखपृष्ठ काढून टाकतो, कडा यंत्रावर कापून सारख्या करतो आणि कण्याजवळून आरपार टाके घालतो. दीनानाथ दलालांनी किंवा पद्मा सहस्रबुद्धे यांनी केलेले मुखपृष्ठ गेले की त्या आवृत्तीचा चेहराच गेला. कापलेल्या कडांबरोबर समासातली टिपणे जातात, आणि आरपार टाक्यांमुळे पुस्तक पुन्हा कधी पूर्ण उघडत नाही.

त्याऐवजी पुस्तकाला आम्लविरहित जाड कागदाचे सैल वेष्टण करावे आणि सुती फितीने बांधून ठेवावे. पान सुटले असेल तर गव्हाच्या पिठाची पातळ खळ आणि पातळ हातकागदाची पट्टी पुरते. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालीत, त्यामुळे कीड लागत नसे. घरी तो प्रयोग करू नये, ते विष आहे. सेलोटेप कधीही लावू नये. काही वर्षांनी टेप सुकून गळते आणि तिचा डिंक कागदात तपकिरी डाग सोडतो, जो निघत नाही. आधीच लावलेली टेप ओढून काढू नये. तिच्याबरोबर अक्षरे येतात.

विकत घेण्याआधी पाने पूर्ण आहेत का, हे मोजण्याची सोपी रीत आहे. जुन्या पुस्तकांत प्रत्येक फर्म्याच्या, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या संचाच्या, पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत फर्म्याचा क्रमांक असतो. बहुतेक फर्मे सोळा पानांचे. क्रमांक ओळीने आले आणि मधली पाने भरली की पुस्तक पुरे आहे.

१३. पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी आणि कसर लागते. काय करावे?

जून ते सप्टेंबर हे चार महिने आपल्याकडे पुस्तकांच्या कसोटीचे. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, चार बोटे अंतर ठेवावे. पुस्तके घट्ट कोंबू नयेत. पाऊस उघडला आणि हवा कोरडी असली की कपाटाची दारे दोन तास उघडावीत. पाऊस चालू असताना ती मिटलेली बरी. सिलिका जेलच्या पिशव्या उपयोगी पडतात, पण त्या वेळोवेळी तापवून पुन्हा कोरड्या कराव्या लागतात. उन्हात पुस्तके वाळत घालण्याची जुनी सवय मोडावी: बुरशी मरते असे वाटते खरे, पण कागद पिवळा पडून ठिसूळ होतो आणि मुखपृष्ठाचे रंग उडतात. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर ठेवावे.

कडुनिंबाचा पाला ठेवायचा असेल तर पूर्ण वाळलेला, कापडाच्या पुरचुंडीत, कप्प्याच्या कोपऱ्यात ठेवावा. पानांच्या मध्ये ठेवल्यास डाग पडतात. डांबरगोळ्या पुस्तकाला लागून ठेवू नयेत. नव्याने आणलेल्या पुस्तकात कसर किंवा भुंगे दिसले, तर ते कोरडे असल्याची खात्री करून प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत हवाबंद करावे आणि घरच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावे. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नये, नाहीतर थंड कागदावर दव धरते. या उपायाने कीड मरते. बुरशी मरत नाही, फक्त थांबते. वाळवी आढळली तर पुस्तके हलवावीत आणि भिंतीवर उपचार करून घ्यावेत, कारण तिचे घर भिंतीत किंवा जमिनीत असते.

नदीकाठच्या गावठाणातून आलेल्या पुस्तकांची खालची कड नीट पाहावी. गोदापात्रातला दुतोंड्या मारुती पुरात बुडाला की ज्या वाड्यांत पाणी शिरते, तेथल्या खालच्या फळीवरच्या पुस्तकांवर मातकट रेघ उमटलेली असते. २००८च्या पुरानंतर आलेली अशी काही पुस्तके मी मऊ ब्रशने कोरडी साफ केली; ओल्या फडक्याने पुसली असती तर गाळ कागदात आणखी मुरला असता.

१४. दिवाळी अंक आणि मासिके जमवण्यासारखी असतात का?

असतातच. मराठी साहित्याचा मोठा भाग पुस्तकात येण्याआधी नियतकालिकांत आला आहे, त्यामुळे कथेचे किंवा कवितेचे पहिले छापील रूप तेथे सापडते. ‘मनोरंजन’चा १९०९चा अंक पहिला दिवाळी अंक मानला जातो, ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडले. सुटे अंक पुस्तकांपेक्षा स्वस्त मिळतात आणि लवकर नष्ट होतात, कारण त्यांचा कागद हलका असतो आणि घरात त्यांना कोणी जपत नाही. पिना गंजतात, त्या हलक्या हाताने काढून जागी सुती दोरा घालावा.

१५. माझ्याकडे अमुक पुस्तकाची जुनी प्रत आहे. किती किंमत येईल?

प्रत न पाहता आकडा सांगणे योग्य नाही. सर्वसाधारणपणे मूळ मुखपृष्ठ, पानांची पूर्णता, पहिली आवृत्ती, पडताळलेली सही आणि मागणी यांच्या संयोगाने किंमत ठरते. निव्वळ वयाने ती ठरत नाही. शंभर वर्षांपूर्वीची पाठ्यपुस्तके आणि पोथ्या पुष्कळ उपलब्ध आहेत, तर १९६०-७०च्या दशकांतले, हजार-अकराशे प्रतींच्या एकाच आवृत्तीत संपलेले कवितासंग्रह शोधूनही मिळत नाहीत. संकेतस्थळांवर मागितलेली किंमत आणि प्रत्यक्षात मिळालेली किंमत या वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात घ्यावे.

१६. आजोबांच्या पश्चात तीनशे पुस्तके आहेत, आम्हाला घर रिकामे करायचे आहे. काय करावे?

आधी एक आठवडा काहीही बाहेर काढू नये. प्रत्येक पुस्तक पालथे करून हलके झटकावे. पत्रे, पावत्या, छायाचित्रे, कात्रणे निघतात, आणि कोणत्या पुस्तकातून काय निघाले ते लिहून ठेवावे. मग लेखक, शीर्षक, आवृत्ती, साल, सही असल्यास तिचा मजकूर अशी वहीत यादी करावी. यादी झाली की वाचनालये, महाविद्यालये आणि संग्राहक यांच्याशी बोलणे सोपे जाते. देणगी देताना संस्थेला आधी विचारावे. सरसकट गठ्ठे नेऊन टाकल्यास, ज्या प्रती त्यांच्याकडे आधीच आहेत त्या पुन्हा रद्दीतच जातात. संग्रह एकाच विषयाचा असेल तर तो फोडू नये, एवढे माझे आग्रहाचे सांगणे आहे. एका माणसाने चाळीस वर्षे निवडून आणलेली पुस्तके एकत्र असली की तीही त्याच्याविषयी बोलतात.

१७. दुर्मीळ पुस्तक विकत घेतले म्हणजे ते स्कॅन करून सर्वांना पाठवता येते का?

प्रत आपली, हक्क लेखकाचा. भारतात स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. साने गुरुजींचे लेखन २०११पासून आणि १९५६ साली निवर्तलेल्या मर्ढेकरांचे २०१७पासून मुक्त झाले. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, म्हणजे त्यांचा हक्क २०३६च्या अखेरीपर्यंत. कुसुमाग्रजांचा, १९९९ धरून, २०५९च्या अखेरीपर्यंत. मुक्त लेखनाच्या पुस्तकातही नंतरच्या संपादकाची प्रस्तावना, टिपा किंवा चित्रकाराची चित्रे यांचा हक्क स्वतंत्रपणे शिल्लक असू शकतो. जुनी प्रत विकणे, भेट देणे किंवा उसनी देणे याला मात्र कोणाच्याही परवानगीची गरज नाही.

१८. पुस्तकात लेखकाचे हस्तलिखित पत्र सापडले. ते छापू शकतो का? परदेशी राहणाऱ्या भावाला पाठवू शकतो का?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कागद तुमच्या मालकीचा असला तरी पत्रातल्या मजकुराचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा असतो. म्हणून छापण्याआधी त्यांची परवानगी घ्यावी. पत्रात तिसऱ्याच कोणाच्या घरगुती गोष्टी असतील, तर परवानगी मिळूनही छापावे का, याचा विचार करावा.

परदेशी पाठवण्याबाबत १९७२चा पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम पाहावा लागतो. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचे हस्तलिखित, अभिलेख किंवा दस्तऐवज ७५ वर्षांहून जुना असेल तर तो पुरावशेष ठरू शकतो, आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. तेव्हा जुने पत्र, हस्तलिखित वही किंवा पोथी टपालात घालण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा. भावाला पत्राचे स्वच्छ छायाचित्र आजच पाठवता येईल. मूळ पत्र ज्या पुस्तकातून निघाले त्याच्याबरोबरच, पण वेगळ्या आम्लविरहित पाकिटात ठेवावे, आणि ते कोणत्या पानांमध्ये होते याची पेन्सिलीने केलेली चिठ्ठी त्या पाकिटात घालावी.